भरलेले सांधे

सिद्धेशने मोटारींचा ट्रॅक मागवला तो लेकीच्या, सृष्टीच्या वाढदिवसासाठी, असं घरात सगळ्यांना सांगण्यात आलं. सृष्टी त्याच्याशी दोनेक दिवस खेळली आणि परत आपल्या रंगपेटीकडे वळली. त्यानंतर रोज संध्याकाळी हॉलच्या लादीवर उकिडवा बसून काळे प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवणारा जो माणूस होता, तो चाळिशीला टेकला होता आणि पतसंस्थेत लोक त्याला 'साहेब' म्हणत होते.

ट्रॅक तसा साधा. प्रत्येक तुकड्याच्या मधून एक खाच जाते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना बारीक लोखंडी पट्टी असते. मोटारीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते, पट्ट्यांतून वीज मिळते, आणि हातातलं बटण दाबलं की मोटार सुटते. वळणावर जरा जास्त दाबलं की ती उडून सोफ्याखाली जाते. मग सिद्धेश सोफ्याखाली जायचा.

त्याच्या बायकोला, अक्षयाला, त्या खेळण्याचा राग नव्हता. राग होता तो लादी अडण्याचा. मालवणात जमिनीवर काही ठेवलं की त्यात रेती शिरते, आणि रेती नाही शिरली तर खारी हवा शिरते. म्हणजे रोज ट्रॅक मांडायचा, पट्ट्या पुसायच्या, खेळायचं, परत उसकटून खोक्यात भरायचं. यात जेवणाची वेळ टळायची, आणि एखादा तुकडा हमखास केरात सापडायचा. अक्षया केरसुणीने तो पुढे ढकलत म्हणायची, "तुझो हायवे आधी उचल, मगे मी पानां वाढतंय."

शेवटी सिद्धेशनेच तोडगा काढला. "एक मोठी फळी करूया. तिच्यार ट्रॅक कायमचो बसवूया आणि भिंतीक उभो करून ठेवूया. मामांका सांगूया काय?"

मामा म्हणजे अक्षयाचे वडील, सत्यवान मेस्त्री. जन्मभर त्यांनी मालवणातच दांडीच्या किनाऱ्यावर होड्या बांधल्या. लाकडाच्या बांधल्या, पुढे लोकांना फायबर हवं झालं तसं तेही शिकले. बायको नर्मदा गेली आणि अक्षया त्यांना आपल्या घरी घेऊन आली. जावयाच्या घरी राहणं त्यांना काही केल्या पचत नव्हतं. दुसऱ्यांदा भात हवा असला तरी मागायचे नाहीत, पंखा लावायचा तर विचारून लावायचे. त्यात अलीकडे विसर पडू लागला होता. पिशवी घेऊन मासळी बाजारात गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. सृष्टीला एकदोनदा नर्मदा म्हणून हाक मारली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, हाताला आणि डोक्याला काम असू द्या.

फळीचं नाव काढलं मात्र, म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. पलंगाखालची हत्यारांची पेटी बाहेर आली. प्लायवूड आणायला ते स्वतः सिद्धेशबरोबर गेले, दुकानात प्रत्येक फळी आडवी धरून एक डोळा मिटून बघितली आणि दुकानदाराचा जीव नकोसा केला. मग पडवीत दोन स्टुलांवर ती मांडून खालून पट्ट्यांची चौकट मारली, कडा रंध्याने गोल केल्या, दोन हात वार्निश दिलं. फळी अशी झाली की तिच्यावर गोटी ठेवली तर जागची हलेना. कामाच्या त्या दिवसांत त्यांनी कुणाला चुकीच्या नावाने हाक मारली नाही.

ती फळी बघितली मुस्तफाने. पर्यटकांना किल्ल्यावर नेणारी त्याची बोट होती, पण घरी आजोबांच्या वेळची एक लहान लाकडी होडी पडून होती आणि ती त्याला परत पाण्यात उतरवायची होती. सहज म्हणून आला, फळीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मेस्त्री, सोमवारपासून माझ्याकडे येवा. होडी तुमीच बघा. हत्यार पोरगे धरतले, तुमी बसान सांगा." त्या रात्री सत्यवान मेस्त्रींनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. अक्षयाने वाढताना मान खाली घातली, कारण तिला भरून आलं होतं.

शुक्रवारी सिद्धेशने सगळा ट्रॅक फळीवर मांडला. तुकडे एकमेकांत अडकवले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि फर्मान काढलं. "हेका कोणी हात लावू नका. रविवारी मी स्क्रू मारतलंय, ते पण सैल. गरम झालो की प्लास्टिक वाढता, तेका जागा होयी. गच्च आवळलो तर ट्रॅक मधीच फुगान वर येतलो."

"परत रविवार गेलो," अक्षया म्हणाली. तिला रविवारी कणकवलीला जायचं होतं. हे ती मोठ्याने बोलली नाही, पण पुढे जे झालं त्यात या न बोललेल्या गोष्टीचा वाटा होता, आणि ते तिला नंतर चांगलंच कळलं.

शनिवारी सिद्धेश ऑफिसात, सृष्टी शाळेत. वडील जेवून पडवीतल्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले. अक्षया वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून आली आणि फळीशी थांबली. दोन तुकडे जिथे मिळतात तिथे एक बारीक फट होती. प्रत्येक ठिकाणी होती. तिने वाकून बघितलं तर फटीतून खालचं वार्निश दिसत होतं.

कुणा दुसऱ्याच्या मुलीला त्याचं काही वाटलं नसतं. अक्षया होड्यांच्या मांडवात वाढली होती. दोन फळ्यांमधल्या सांध्यात कापूस ठासायचा, त्यावर राळ भरायची, अंगठ्याने दाबून सारखी करायची, हे तिने अक्षर ओळखायच्या आधी बघितलं होतं. वडील तिला राळेला हात लावू द्यायचे नाहीत. पोरीच्या हाताची कातडी जाते म्हणायचे. तिचं काम कापूस पिंजून द्यायचं आणि बघायचं. उघडा राहिलेला सांधा म्हणजे अर्धं काम आणि बुडणारी होडी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्यात होतंच. सिद्धेश म्हणतो जागा ठेवायची. सिद्धेश व्याजाचे हिशेब करतो, त्याला सांध्यातलं काय कळतं?

पेटीत फायबरच्या कामात राळेच्या जागी वापरायच्या रेझिनचा डबा होता, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली होती. तिने जुन्या वाटीत दोन्ही कालवलं आणि आईस्क्रीमच्या काडीने एकेक सांधा भरत गेली. खाचेत काही राहू नये म्हणून खाच कापडाने पुसली, पट्ट्या पुसल्या, वरून अंगठा फिरवला. रेझिन पातळ होतं, फटीत आपसूक उतरत गेलं आणि तळाशी फळीला धरलं. स्क्रूची गरजच उरली नाही. काम संपलं तेव्हा सगळा ट्रॅक एका अंगाचा दिसत होता. तिने लांबून बघितलं आणि तिला स्वतःचं कौतुक वाटलं. डबा परत पेटीत ठेवला, वाटी फेकली, हात रॉकेलने धुतले. वडील अजून झोपलेलेच होते.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तो असा.

संध्याकाळी सिद्धेशने वायर जोडली आणि बटण दाबलं. मोटार पहिल्या तुकड्यावरून सरसर गेली आणि सांध्यापाशी थांबली. त्याने ढकलून पुढे नेली, तरी हलेना. खाली वाकून त्याने बोट फिरवलं, नख लावलं. "हेच्यात काय भरलां? पट्टीक पट्टी लागाक नको? करंट पुढे जातलो कसो?" त्याने एक तुकडा उचलायला बघितला. तो निघेना. जोर लावला तेव्हा कडकन तुटला.

सांधा बंद केला की पाणी अडतं हे अक्षयाला माहीत होतं. वीजही अडते हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने तोंड उघडलं होतं. 'मी' हा शब्द जिभेवर होता. पण तेवढ्यात सिद्धेशची नजर हत्यारांच्या पेटीकडे गेली, तिथून दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे गेली, आणि त्याचा चढलेला आवाज एकदम खाली आला. "मामा," तो हळूच म्हणाला, "सांधे तुमी भरलास?"

सत्यवान मेस्त्री पुढे आले. चष्मा सारखा केला, फळीवर वाकले, एका सांध्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी ओळख पटल्याचा आनंद दिसला आणि मग तो गेला.

"माझोच हात," ते म्हणाले. "असो सांधो मालवणात दुसरो कोण भरीत नाय. कधी भरलंय म्हायत नाय. झोपेत होतंय असां वाटला माका." आणि मग जावयाकडे न बघता, "चुकी झाली हां."

"ऱ्हवांदे मामा. खेळणांच तां," सिद्धेश म्हणाला.

अक्षयाने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. का, याची कारणं तिने रात्रभर शोधली आणि एकही धड सापडलं नाही. सिद्धेशने हात लावू नका म्हणून बजावलं होतं. तो जन्मभर चारचौघांत हा किस्सा सांगून हसला असता. महागाचं खेळणं होतं. यातलं काहीही बापापेक्षा मोठं नव्हतं. पण त्या क्षणी सिद्धेश रागावला नाही, आवाज चढला नाही, प्रकरण मिटलं, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

स्वयंपाकघरात सिद्धेश म्हणाला, "बघलंस मां? केलेला आठवणा नाय तेंका. मी मुस्तफाक सांगतंय, सोमवारपासून नको. उद्या तेच्या होडीचा काय झाला तर माणसां बसतत तिच्यात."

"घाई कित्याक करतंस? थोडे दिस बघूया," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. उद्या सांगू, असं ठरवून ती झोपली.

उद्या उजाडायच्या आत सिद्धेशने मुस्तफाला फोन केलाही होता, आणि ते वडिलांच्या कानावरही गेलं होतं. ती उठून चहा ठेवायला गेली तर वडील पडवीत बसून पटाशांना तेल लावत होते. एकेक पटाशी पुसून गोणपाटात गुंडाळत होते. "मुस्तफाच्या पोरग्यांका दी ही पेटी," ते म्हणाले. "हत्यार पडान ऱ्हवलां तर गंजता."

तिने पेटी दिली नाही, आपल्या कपाटात ठेवली. चोरीचा माल ठेवावा तसा दरवाजा लावून घेतला.

नंतरचे दिवस तिला कसे गेले ते तिचं तिला माहीत. म्हातारा आधी विसरायचा, पण विसरतो म्हणून घाबरत नव्हता. आता त्याला स्वतःचाच भरवसा उरला नाही. सकाळचा चहा ते स्वतः करून घ्यायचे, तो बंद केला. गॅसजवळ जायचेच नाहीत. नळ बंद केला का ते बघायला परत परत मोरीत जायचे. जेवण झाल्यावर विचारायचे, "मी जेवलंय मां?" आणि जेवल्याचं त्यांना आठवत असायचं, फक्त खात्री करून घ्यायची असायची. बापाला अक्षयाने नुसतं खोटं पाडलं नव्हतं, त्याच्याकडून त्याचं डोकं काढून घेतलं होतं.

तरीही ती गप्प होती. जितका वेळ जाईल तितकं सांगणं अवघड होत जातं, हे ठाऊक असून तिने वेळ जाऊ दिला.

मग एका सकाळी सृष्टी दप्तर पाठीला लावून उभी राहिली आणि आजोबा खुर्चीतून उठले नाहीत. तिला शाळेपर्यंत सोडणं हे त्यांचं रोजचं काम, त्यात आजवर एकदाही चूक झालेली नव्हती. "आज तू जा गो तेका घेवन," ते अक्षयाला म्हणाले. "वाटेत माका इसर पडलो तर चेडवाक खंय सोडीन, कोणाक म्हायत."

सृष्टीला शाळेत पोचवून अक्षया परत आली. सिद्धेश हेल्मेट घालून निघतच होता. तिने त्याला दारातच अडवलं.

"ते सांधे मी भरलंय," ती म्हणाली. "बाबांनी न्हय. मी. तुझो रविवार वाचवूक गेलंय. आणि मगे गप ऱ्हवलंय."

सिद्धेशला समजायला वेळ लागला. त्याने हेल्मेट काढलं. "माझ्या समोर मामा चुकी झाली म्हणत होते," तो म्हणाला, "आणि तू थयसरच उभी होतंस."

"होय."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त तिच्याकडे बघत राहिला, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा त्या नजरेची भीती वाटली. मग म्हणाला, "आधी तेंका सांग. मुस्तफाक मी सांगतंय."

वडील पडवीत होते. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. शनिवारची दुपार, फट, डबा, वाटी, काडी. काही राखून ठेवलं नाही. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुका राळ भरूक खंय येता गो? मी कधी हात लावूक दिलंय तुका?"

"बघून शिकलंय."

"बघून कोणाक येत नाय. माका बापाशीन मारून मारून शिकवल्यान."

मग ती उठली. कपाटातून पेटी आणली, रेझिन कालवलं. सिद्धेशने तोडलेला तुकडा आणि दुसरा एक जुना तुकडा फळकुटावर शेजारी ठेवून तिने त्यांच्या डोळ्यांदेखत सांधा भरला. सांधा बरोबर आला. अंगठा फिरवून झाल्यावर तिने वर बघितलं.

वडिलांचे डोळे भरले होते. "केवढी मेहनत घेतलंस," ते म्हणाले. "बापाची अब्रू वाचवूक दोनतीन दिस बसलंस असतलंस ह्यां शिकूक. रात्रीची बसलंस काय?"

"बाबा, नाय हो. खराच मी केलंय."

"माका आठवता आता," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता. "पयलां आठवा नाय होता. पडवीत ऊन इला होतां. डबो उघडत नाय होतो, पटाशीन उघडलंय. तू आत भांडी घासत होतंस. सगळां आठवता."

तिने शपथ घेतली, सृष्टीचीसुद्धा घेतली. ते तिला पोरीची खोटी शपथ घेऊ नको म्हणाले. सिद्धेशने समजावलं, तर ते जावयाला म्हणाले, तुम्ही दोघं माझ्यासाठी इतकं करता, माझी पुण्याई मोठी. अक्षया मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली आणि परत बसली, पण आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी मुस्तफा आला. सिद्धेशने त्याला सगळं सांगितलं होतं. पायरीवर बसून, चहाचा पेला हातात घेऊन तो म्हणाला, "मेस्त्री, चुकी तुमची नाय ती माका कळली. होडी तशीच आसा. उद्या येतास मां?"

सृष्टी दारात चित्र रंगवत होती. अक्षया चौकटीला धरून उभी होती. एवढं एक झालं तरी पुरे, असं तिच्या मनात आलं. ते होडीवर गेले की हात आपोआप चालतील, मग विसरतील ते सगळं. तिने देवाला हात जोडले.

होडीचं नाव ऐकून सत्यवान मेस्त्रींचा उजवा हात मांडीवर रंधा मारावा तसा हलत होता. ते बघून मुस्तफा हसला.

"नको रे मुस्तफा," ते म्हणाले. "तुझ्या होडीत लोकांची पोरां बसतली. अक्षया माझी मायाळू आसा, ती माझ्यासाठी खोटां बोलता. तिच्यार इश्वास ठेवन तू माका घेतलंस आणि एक सांधो माझ्याकडनां ऱ्हवलो तर? मी सांध्याच्या बाबतीत कधी खोटो वागलंय नाय. आता शेवटाक कित्याक वागू?"

मुस्तफाने सिद्धेशकडे बघितलं, सिद्धेशने मान खाली घातली. थोडं इकडचं तिकडचं बोलून, चहा संपवून मुस्तफा गेला. त्याची मोटारसायकल वळणापलीकडे गेली तरी म्हातारा तिकडेच बघत होता.

मग त्यांनी अक्षयाला जवळ बोलावलं. सृष्टीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवला.

"बापासाठी झालां तरी असां खोटां बोलूचा नाय गो," ते म्हणाले. "तुझां चेडू बघता हा. तां ह्यांच शिकतलां."

"बरां, बाबा," अक्षया म्हणाली.